सोळा कंठांचा प्रकाश

शाळामास्तराच्या कानाला एक खोड जडते. व्हरांड्यातून जाताना, आत न डोकावता, कोणत्या वर्गात काय चालले आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून कळते. कविता चालली असेल तर आवाज हेलकावे खातो. धडा वाचला जात असेल तर एकच बारीक आवाज आणि त्याच्या भोवती कुजबुज असते. आणि मास्तर वर्गात नसले म्हणजे काय ऐकू येते ते सांगायला नकोच. पण या सर्वांत मला नवल वाटत आले ते पाढ्यांचे. चाळीस पोरे सतराचा पाढा एकदम सुरू करतात. पहिल्या दोनतीन पायऱ्या सगळी पलटणीसारखी पावलाला पाऊल लावून चढतात. मग पुढच्या बाकावरची हुशार मंडळी घाई करू लागतात, मागच्या बाकावरची रेंगाळतात, मधली कोणी श्वास घ्यायला थांबतात. प्रत्येक जण तोच पाढा म्हणत असतो आणि बहुधा बरोबरही म्हणत असतो. पण व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ना सतरा ऐकू येत, ना चौतीस. त्याला ऐकू येते ते एक मोठे, जिवंत गुंजन, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे.

अशा वेळी मी आजवर एकच गोष्ट करीत आलो. वर्गात शिरायचे, टेबलावर पट्टी आपटायची आणि ओरडायचे, "एका सुरात!" एका वर्षी तर मी याहून पुढे गेलो. तपासणीचे साहेब येणार म्हणून प्रार्थनेचा सराव चालला होता. एक मुलगा सारखा अर्धा शब्द मागे राहत असे. सगळ्यांची ओळ संपली की त्याचे शेपूट एकटेच हवेत लोंबत राही. मी त्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, "उद्या तू नुसते ओठ हलव." पोर आज्ञाधारक. तो दुसऱ्या दिवशी ओठ हलवीत राहिला, आणि मग वर्षभर हलवीतच राहिला. हे मला कळले ते वर्ष संपताना, त्याच्या आईकडून. मी ओशाळलो, हसलो आणि विसरून गेलो.

त्या मुलाची आठवण पुन्हा झाली ती अगदी अनपेक्षित रीतीने. माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याने एका रात्री मला एक जुना इंग्रजी चित्रपट बळेच पाहायला बसविले. नाव '२००१: अ स्पेस ओडिसी', दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक, साल १९६८. त्यात एक काळीभोर, गुळगुळीत शिळा वारंवार दिसते, आणि ती दिसली की एक आवाज सुरू होतो. तो आवाज कशाचा ते मला उमगेना. वारा म्हणावा तर वाऱ्यात इतकी आर्तता नसते. यंत्र म्हणावे तर यंत्राला श्वास नसतो. मी भाच्याला विचारले, "हे कोणते रे वाद्य?" तो म्हणाला, "मामा, ही माणसे गात आहेत."

वाचकहो, त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. त्या आवाजाचा मागोवा घेत मी गेले वर्षभर जे वाचले आणि ऐकले ते आज फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवतो आहे. मी संगीतज्ञ नव्हे. पण पुष्कळ आवाजांत एका आवाजाचे काय होते, हा प्रश्न माझ्या रोजच्या धंद्यातला आहे. आणि ही सारी हकिगत त्याच प्रश्नाची आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या कानाला सवय आहे ती एका सुरावटीची. मागे तंबोरा, पुढे गवई. साथीदार त्याच्या मागोमाग जातात, पण वाट एकच. युरोपातल्या ख्रिस्ती मंदिरांत गाणाऱ्या लोकांनी सातआठशे वर्षांपूर्वी दुसराच रस्ता धरला. दोन, तीन, चार गायकांनी एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गायच्या, आणि त्या एकमेकींना धक्का न लावता चालवायच्या. पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिराशी ज्याचे नाव जोडले जाते त्या पेरोतँ नावाच्या रचनाकाराने इ. स. १२०० च्या सुमारास चार-चार आवाजांची गाणी बांधली. पुढे ही विद्या वाढत गेली. कॅनन नावाचा एक प्रकार रूढ झाला. त्यात एकाने सुरावट सुरू करायची, थोड्या वेळाने दुसऱ्याने तीच सुरावट पहिल्यापासून धरायची, मग तिसऱ्याने. म्हणजे एकाच गाण्याची सावली त्याच्याच पाठीवर पडत जायची. पंधराव्या शतकातील ओकेगेम याच्या नावावर छत्तीस आवाजांचा एक कॅनन सांगतात. इंग्लंडात टॉमस टॅलिस याने १५७० च्या आसपास चाळीस आवाजांची एक रचना केली. पाच-पाच गायकांचे आठ संच आणि प्रत्येक गायकाला स्वतंत्र ओळ.

तेव्हापासूनच एक भांडण चालू आहे. इतके आवाज एकत्र झाले की शब्द बुडतात. देवाचे नाव आहे की बाजाराचा गलबला, हे भाविकाला कळेनासे होते. ट्रेंट गावी भरलेल्या धर्मपरिषदेत १५६२ साली हा विषय निघाला, आणि गाणाऱ्यांनी शब्द नीट कळू द्यावेत असा सूर उमटला. थोडक्यात सांगायचे तर, धर्माचार्यांनीही टेबलावर पट्टी आपटून "एका सुरात!" असेच म्हटले. त्यानंतरच्या चारशे वर्षांत संगीताने पुष्कळ वळणे घेतली, पण शब्द स्पष्ट हवा आणि सुरावट ओळखू यायला हवी, हा नियम सहसा कोणी मोडला नाही. तो मुद्दाम, आणि पूर्ण जाणून, मोडणारा माणूस विसाव्या शतकात निघाला. त्याचे नाव ग्यॉर्ग लिगेटी.

लिगेटीचा जन्म २८ मे १९२३ चा, ट्रान्सिल्व्हेनियातला. हा मुलूख तेव्हा रुमानियात होता. घर मात्र हंगेरियन बोलणारे, आणि जातीने ज्यू. क्लूज शहरात त्याचे बालपण गेले. आई डॉक्टर होती. मुलाला पदार्थविज्ञान आणि गणित शिकायचे होते. पण १९४१ साली तो विद्यापीठाच्या दारात उभा राहिला तेव्हा तो भाग हंगेरीच्या ताब्यात गेलेला होता आणि ज्यू विद्यार्थ्यांना जागा जवळजवळ नव्हत्याच. तेव्हा त्याने संगीतशाळेचा रस्ता धरला. शास्त्रज्ञ व्हायला निघालेला मुलगा दार बंद झाले म्हणून गायनाकडे वळला. पण गणिताचा डोळा त्याने मागे ठेवला नाही. ते पुढे दिसेलच.

१९४४ च्या जानेवारीत त्याला सक्तीच्या मजुरीला धरून नेले. त्या वर्षात त्याच्या घरावर जे कोसळले ते थोड्या शब्दांत सांगणे बरे. वडील बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत मेले. धाकटा भाऊ गाबोर, अजून मिसरूड न फुटलेला पोर, माउथहाउझेनच्या छावणीत मेला. आई आउश्विट्झला गेली आणि डॉक्टर असल्यामुळे असेल वा दैवाने असेल, जिवंत परत आली. लिगेटी स्वतः युद्धाच्या धामधुमीतून निसटून पायी चालत घरी पोहोचला, तेव्हा त्याच्या घरात परके लोक राहत होते.

युद्ध संपल्यावर तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकला, आणि १९५० पासून कोदाय या थोर संगीतकाराच्या पाठबळाने तेथेच शिकवू लागला. विषय कोणता? काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक सुरावटी एकत्र चालविण्याची तीच जुनी विद्या. सोळाव्या शतकातील मास्तरांचे नियम तो मुलांकडून घटवून घेत असे, आणि त्याने त्यावेळी लिहिलेली शालेय पाठ्यपुस्तकेही छापली गेली. दिवसा नियम शिकवायचे; रात्री स्वतःसाठी काहीतरी निराळेच लिहून टेबलाच्या खणात टाकायचे. त्या वेळच्या सरकारला नवे संगीत खपत नव्हते. १९५५ साली त्याने शान्दोर वॉरॉश या कवीच्या शब्दांवर समूहगायनाचे एक लहानसे गाणे लिहिले, 'रात्र' या नावाचे. त्यात एक अगदी साधी सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात. ते एकमेकांवर इतके चढतात की शेवटी सप्तकातील सगळे शुद्ध स्वर एकदम वाजू लागतात. घनदाट रान उभे राहते, आणि मग एकाएकी सगळे निवळते. पुढच्या साऱ्या कामाचे बी त्या छोट्या गाण्यात आहे.

१९५६ साल उजाडले. ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या आरंभी रशियाचे रणगाडे शहरात घुसले. लोक तळघरांत लपले. लिगेटी मात्र वरच्या खोलीत रेडिओला कान लावून बसला होता, कारण जर्मनीतल्या कोलोन केंद्रावरून स्टॉकहाउझेन या तरुण रचनाकाराची एक नवी कृती लागणार होती. बायबलात तीन तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकल्याची कथा आहे. तेथे ते देवाचे स्तवन गातात. त्या स्तवनासाठी स्टॉकहाउझेनने एका लहान मुलाचा आवाज फितीवर घेतला, आणि तो कापून, जोडून, एकावर एक रचून एका कंठाचा जमाव उभा केला. बाहेर तोफा, आत भट्टीतल्या मुलांचे गाणे. डिसेंबरात लिगेटी आणि त्याची पुढे पत्नी झालेली व्हेरा यांनी देश सोडला. टपालाच्या गाडीत पत्रांच्या पोत्यांखाली लपून ते सरहद्दीजवळ पोहोचले आणि रात्री पायी ऑस्ट्रियात उतरले.

१९५७ च्या आरंभी तो कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत दाखल झाला. तेथे यंत्रांवर काम करताना त्याला एक गोष्ट उमजली, आणि मला वाटते, या साऱ्या हकिगतीची किल्ली तीच आहे. कानाला एक हद्द आहे. दोन स्वरांत सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी अंतर राहिले की कान ते स्वर वेगळे मोजू शकत नाही. ते एकमेकांत विरघळतात आणि क्रमाऐवजी एक रंग ऐकू येतो. सायकलचे चाक जोरात फिरले की आरे दिसेनासे होऊन एक करडी तबकडी दिसते, तसेच. यंत्रावर हे सोपे होते. पण लिगेटीच्या मनाने घेतले की हे जिवंत माणसांकडून करवून घ्यायचे.

ते कसे साधावे? एक माणूस सेकंदाला वीस स्वर गाऊ शकणार नाही. तेव्हा त्याने माझ्या पाढ्यांच्या वर्गाचीच युक्ती केली. फरक इतकाच की तेथे जे आपोआप घडते ते त्याने हिशेबाने घडविले. सगळ्यांना सुरावट एकच द्यायची. पण एका ठोक्याचे एकाने चार भाग करायचे, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने सहा, आणि प्रत्येकाने आपापल्या भागावर पाऊल टाकायचे. मी फळ्यावर हे गणित मांडून पाहिले. चार, पाच आणि सहा भागांच्या खुणा एका रेघेवर मांडल्या तर एकमेकींवर पडणाऱ्या खुणा वगळून एका ठोक्यात बारा निरनिराळ्या जागा होतात. म्हणजे तिघेच गायक, सावकाश गाणारे. तरी स्वर बदलण्याच्या शक्य जागा बारा! असे सोळा किंवा वीस गायक उभे केले की कानाची मोजदाद संपलीच. लिगेटीने या विणकामाला मायक्रोपॉलिफनी हे नाव दिले. आपण त्याला सूक्ष्म धाग्यांचे बहुस्वरी विणकाम म्हणू. तो स्वतः म्हणत असे की कागदावर जे विणलेले आहे ते कानाला ऐकू येत नाही. ऐकू येते ते कापड. धागे दिसत नाहीत.

येथे त्याने सांगितलेले एक स्वप्न आठवते. अगदी लहान असताना त्याला स्वप्न पडले की खोलीभर बारीक तंतूंचे जाळे पसरले आहे आणि आपल्याला आपल्या बिछान्यापर्यंत जाता येत नाही. जाळ्यात किडे अडकले आहेत, सडक्या वस्तू लोंबत आहेत. एखादा किडा फडफडला की सारे जाळे थरथरते आणि त्याची ठेवण कायमची बदलते. वयाच्या पस्तिशीनंतर त्याने जे संगीत लिहिले त्यात हे जाळे वरचेवर सापडते.

पहिला मोठा प्रयोग वाद्यवृंदावर झाला. 'ॲत्मोस्फेअर' ही रचना डोनाउएशिंगेन या गावच्या संगीतोत्सवात २२ ऑक्टोबर १९६१ रोजी हान्स रोसबाउड याने वाजवून घेतली. तिच्या आरंभी काय होते ते पेटी वाजविणाऱ्याला चटकन कळेल. पेटीच्या काळ्यापांढऱ्या साऱ्या पट्ट्यांवर दोन्ही हात आडवे टाकून हळूच भाता हलवा. सगळे स्वर एकदम, अगदी मृदू. मग त्यातले काही विरतात, काही उजळतात. ताल नाही, सुरावट नाही. तरी काहीतरी सतत सरकत असते. श्रोत्यांनी ती रचना तेथल्या तेथे पुन्हा वाजवायला लावली.

पण वाद्ये ती वाद्ये. मला ज्याने झोपू दिले नाही ते माणसांचे आवाज होते, आणि ते त्याच्या 'रेक्विएम'मधले. रेक्विएम म्हणजे कॅथलिक पंथातील मृतांसाठीची प्रार्थना. स्वीडिश रेडिओच्या नव्या संगीताच्या मालेला दहा वर्षे झाली म्हणून ही रचना त्याच्याकडे मागितली गेली. १९६३ ते १९६५ अशी ती लिहिली गेली आणि मार्च १९६५ मध्ये स्टॉकहोमला मिखाएल गीलेन याने तिचा पहिला प्रयोग केला. दोन स्त्री गायिका, दोन गायकवृंद आणि मोठा वाद्यवृंद. तिच्या दुसऱ्या भागात 'प्रभो, दया कर' या अर्थाचे दोनतीन ग्रीक शब्द आहेत. ते शब्द लिगेटीने वीस ओळींत वाटून दिले. चार-चार ओळींच्या पाच जुड्या. प्रत्येक जुडीत एकच सुरावट चार वेगवेगळ्या चालींनी. आणि या पाच जुड्या पुन्हा एकमेकींच्या मागोमाग येणाऱ्या. म्हणजे जुन्या मास्तरांचा सगळा नियम पाळलेला आहे. बुडापेस्टला जो धडा तो मुलांना देत असे तोच आहे. पण ऐकणाऱ्याला नियम ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो तो एक जमाव, दूरवरून दयेची याचना करणारा, ज्यातला एकही शब्द कळत नाही.

हा माणूस ज्या घरातून आला ते आठवून हे ऐकावे. जन्माने ज्यू आणि कोणत्याही पंथाची पूजाअर्चा न करणारा माणूस दुसऱ्या धर्माची श्राद्धप्रार्थना का लिहितो? रेक्विएम लिहिण्याचा विचार त्याने तरुणपणापासून केला होता. वडिलांना थडगे नाही, भावाला नाही. ज्यांना मारले त्यांना मारणाऱ्यांनी आधी नावे काढून आकडे दिले होते. अशांच्या प्रार्थनेत शब्द स्पष्ट कसा उमटावा? तथापि, याच्या उलटही एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. त्या जमावात एकही माणूस जमावासाठी गात नाही. वीस ओळींपैकी प्रत्येक ओळ पूर्ण आहे, स्वतंत्र आहे, अक्षरशः मोजून लिहिलेली आहे. कोणी नुसते ओठ हलवीत नाही.

एका वर्षाने, १९६६ साली, त्याने त्याच प्रार्थनेचा एक उरलेला भाग निराळा लिहिला. त्याचे रेक्विएम अश्रूंच्या भागापाशी थांबले होते. मृतांवर अक्षय प्रकाश पडो अशा अर्थाचे जे मागणे अखेरीस येते ते राहून गेले होते. श्टुटगार्टचे क्लिटुस गॉटवाल्ड आणि त्यांचा गायकसंघ यांच्यासाठी लिगेटीने ते सोळा आवाजांत बांधले. नाव 'लुक्स एटेर्ना', म्हणजे शाश्वत प्रकाश. वाद्य एकही नाही. चार उंच स्त्रिया, चार खालच्या. चार उंच पुरुष, चार खर्जातले. सारी नऊदहा मिनिटांची गोष्ट. २ नोव्हेंबर १९६६ रोजी, म्हणजे त्यांच्याकडच्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ती प्रथम गायिली गेली.

ती मी दिवाळीच्या आधल्या एका रात्री दिवा मालवून ऐकली. आरंभी एकच स्वर. स्त्रिया एकामागून एक त्यावर येतात, इतक्या अलगद की नवी कोण आली ते कळत नाही. फक्त स्वर जाड होत जातो, जणू एका वातीला दुसरी वात लागते आहे. गायकांना सूचनाच तशी आहे: दूरवरून आल्यासारखे, आघात न देता, शब्दांतली कठोर व्यंजने बोथट करून. मग कोणी एक शेजारच्या स्वरावर पाऊल टाकते. दुसरी थोडी मागाहून टाकते. एका क्षणी दोन्ही स्वर, मग तीन, मग चार, आणि त्या एका स्वराचे धुके होते. मध्येच त्या धुक्यात एक खिडकी उघडते. खर्जातले तीन पुरुष आपला नेहमीचा आवाज सोडून बायकी उंच आवाजात 'हे प्रभो' अशा अर्थाचा शब्द एकदम उच्चारतात, स्वच्छ, धक्का बसावा इतका स्वच्छ. आणि पुन्हा धुके. शेवटी आवाज एकेक करून विझतात. त्यानंतर लिगेटीने कागदावर सात आवर्तने निव्वळ शांतता लिहिली आहे. तीही मोजायची असते. गायकाने वही मिटायची नाही.

या काळात असे लिहिणारा तो एकटा नव्हता. पोलंडच्या पेंडेरेत्स्कीने १९६६ सालीच म्युन्स्टरच्या मंदिरात ख्रिस्ताच्या यातनांची कथा मोठ्या गायकवृंदाकडून गाववली, कुजबुजवली आणि ओरडवली. स्टॉकहाउझेनने १९६८ साली सहा गायकांना तासभराहून अधिक वेळ एकाच मूळ स्वराच्या पोटातले स्वर काढायला बसविले; तंबोऱ्याशी नाते असलेल्या आपल्या कानाला ते परके वाटत नाही. पण लिगेटीच्या शेजारी मी बसवीन तो यानिस झेनाकिस. हा ग्रीक. युद्धकाळात अथेन्सच्या रस्त्यावर मोर्चात चालणारा. लाखो लोकांची घोषणा कशी एका तालात पुढे सरकते, समोरच्या टोकाला गोळीबार होताच तो ताल कसा फुटतो आणि घोषणेचे तुकडे होऊन सर्वत्र कसे उडतात, हे त्याने नुसते ऐकले नाही, अंगावर घेतले. तोफगोळ्याने त्याचा डावा डोळा गेला. पुढे पॅरिसला जाऊन त्याने त्या फुटलेल्या घोषणेचे गणित संगीतात मांडले. १९६७-६८ साली बारा आवाजांसाठी लिहिलेली त्याची 'न्युई' म्हणजे 'रात्री' ही रचना राजबंद्यांना अर्पण केली आहे. नावे ठाऊक असलेल्या थोड्यांना, आणि नावे हरवलेल्या हजारोंना. तिच्यात कळणारा शब्द एकही नाही; जुन्या मृत भाषांतले उच्चार तेवढे आहेत.

दोघांचीही तरुणाई जमावात भरडली गेली होती, आणि दोघांनीही जमावाचाच आवाज लिहिला. पण तो लिहिताना दोघांनीही आधी प्रत्येकाला त्याची ओळ दिली. लिगेटीने १९७२-७३ साली बारा स्त्रियांच्या आवाजांसाठी आणि वाद्यवृंदासाठी एक रचना केली. तिचे नाव 'घड्याळे आणि ढग'. ते त्याने कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाच्या व्याख्यानावरून घेतले. जगात काही गोष्टी घड्याळासारख्या, मोजता येणाऱ्या. काही ढगांसारख्या, फक्त ढोबळमानाने सांगता येणाऱ्या. लिगेटीने जन्मभर केले ते हेच: अचूक चालणारी घड्याळे इतकी एकत्र ठेवली की त्यांचा ढग झाला. ढग दुरून दिसतो. घड्याळ ज्याचे त्याच्याजवळ.

कुब्रिकच्या चित्रपटाची कथा शेवटी सांगतो, कारण ती थोडी गमतीची आहे. चित्रपटात लिगेटीच्या चार रचना वापरल्या गेल्या आणि त्याला मात्र धड कोणी विचारले नव्हते. मित्रांकडून कळल्यावर तो स्वतः चित्रपटगृहात गेला आणि आपले किती मिनिटे वाजते ते घड्याळ लावून मोजीत बसला. पुढे वकिलांची पत्रे गेली, तडजोड झाली. चित्रपट मात्र त्याला आवडला होता. मृतांसाठी दया मागणारे ते वीस आवाज लोकांनी अंतराळाचे आणि अज्ञाताचे म्हणून ओळखले, आणि जगभर लाखो माणसांच्या कानांवर ते गेले. मलाही ते तसेच भेटले. १२ जून २००६ रोजी व्हिएन्नात लिगेटी वारला. २०२३ साली त्याची जन्मशताब्दी झाली.

आता माझ्याविषयी एवढेच. पाढे सुरू झाले की मी हल्ली थोडा वेळ व्हरांड्यात उभा राहतो. पुढे जाणारा ऐकू येतो, रेंगाळणारा ऐकू येतो; नीट कान दिला तर कोण कोठे चुकतो आहे तेही कळते. मग आत जाऊन पट्टी आपटावी लागतेच, कारण सतराचा पाढा आला पाहिजे आणि तपासणीचे साहेबही यायचेच असतात. पण नुसते ओठ हलव, असे आता मी कोणाला सांगत नाही. तो मुलगा कोठे असतो मला ठाऊक नाही. बाजारात कधी भेटला तर त्याला एकदा ती प्रार्थना मोठ्याने म्हणायला लावावी असे मनात आहे, अर्धा शब्द मागे राहून का होईना.